कुलपात घातलेलं खोबरेल

"हे तुला खरं वाटायचं नाही. तुलाच काय, अख्ख्या संभाजीनगरात कोणाला वाटायचं नाही. म्हणून तर मी आजपर्यंत तोंड उघडलं नव्हतं," असं म्हणत नानासाहेबांनी पुढच्या पायरीवर मांडी ठोकली, तेव्हा अभयनं आधी घड्याळाकडं पाहिलं आणि मग कुलपाकडं.

नानासाहेबांनी तोंड उघडलं नव्हतं हे ऐकून सिडकोतल्या त्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा कान टवकारून उठलं असतं. पण ते बिचारं हल्ली दुसऱ्या गल्लीत जेवायला जायचं.

झालं होतं एवढंच. अभय पुण्याहून पहाटे निघून नऊच्या सुमाराला पोचला. बापाला चकित करावं म्हणून बेल वाजवली नाही, खिशातली किल्ली काढली. ती कुलपात नखभर गेली आणि अडली. त्यानं ढकललं, हलवलं, उलटी करून पाहिली, फुंकर मारली, शेवटी बेल वाजवली, तर बेलही मुकी. आणि मग नानासाहेब घरामागच्या बोळातून, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन, चोरासारखे उगवले.

"नाना, मागून?"

"पुढून तर रोजच जातो. म्हटलं, मागच्या दारालाही बरं वाटू दे. आणि तू गाडी अशी मधेच काय लावलीस? तिकडं मालनबाईंच्या फाटकासमोर घे. सावली आहे."

मार्च महिना होता आणि त्या गल्लीत सावली म्हणून काही शिल्लक नव्हती. पण बापाचा शब्द म्हणून अभयनं गाडी तिकडं घेतली. गाडी उंच होती. मालनबाईंचं दार तिच्याआड पार झाकून गेलं. नानासाहेबांना बरं वाटलं. मग अभयनं पाण्याची बाटली काढायला मागचं दार उघडलं, आणि आतलं दिसलं: मागची सीट पाडलेली, डिकी रिकामी. एक कपाट, एक पलंग आणि एक म्हातारा सहज मावेल एवढी जागा. ते मात्र त्यांना बरं वाटलं नाही.

अभयची आई वच्छलाबाई गेल्यावर बापलेकांत एक करार झाला होता. नानासाहेबांनी खुशाल एकटं राहावं. पण समोरच्या मालनबाईंकडं पुढच्या दाराची एक किल्ली राहील, आणि त्यांनी रोज सकाळी सातला दार उघडून, "नानासाहेब, चहा घेतला का?" एवढं विचारून जायचं. आतून उत्तर आलं नाही तर अभयला फोन. ती किल्ली रोज फिरते आहे तोवर नाना इथं. फिरायची थांबली की नाना पुण्याला, बाराव्या मजल्यावर.

"तिथं बोट टेकवलं की दार उघडतं, नाना. ना किल्ली, ना तेलपाणी," असं अभय कौतुकानं सांगायचा. नानासाहेबांनी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं भांडारपालाची नोकरी केली होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा लटकायचा की निवृत्तीनंतर वर्षभर ते एका बाजूला कलून चालत. बोटानं उघडणाऱ्या दाराला दार म्हणायला ते तयार नव्हते. तो त्यांच्या मते पडदा होता.

तर अशा माणसाच्या घराचं कुलूप उघडेना. नानासाहेबांनी आत जाऊन खटका सरकवून दार उघडून दिलं, "बघ, आतून लोण्यासारखं आहे," असंही म्हणाले. पण अभय ऐकेना. "बाहेरून कोणाला उघडता येत नसेल, तर त्या कुलपाचा उपयोग काय, नाना? मालनकाकू रोज कशा उघडतात?"

या प्रश्नावर नानासाहेबांना खोकला आला. तो थांबेपर्यंत अभयनं फोन करून गुलमंडीहून चाबीवाला बोलावला होता.

लतीफभाई चाबीवाले स्कूटरवरून पत्र्याची पेटी घेऊन आले. साठीचे, दाढी मेंदीनं लाल, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. कुलपासमोर उकिडवे बसले, बॅटरी लावून भोकात एक डोळा घातला आणि विचारलं, "कब से अटका है, चचा?"

आणि मग नानासाहेबांनी ती मांडी ठोकली.

"जानेवारीतली गोष्ट. किल्ली फिरवली की कुलूप कुरकुरायचं. रोज सकाळी सातला मालनबाई यायच्या, किल्ली घालायच्या, आणि कुर्रर्र... एक दिवस म्हणल्या, 'नानासाहेब, तुमच्या कुलपाला संधिवात झालाय. चहाचं नंतर, आधी त्याचं बघा.' तेवढ्यात सर्जेराव आले."

सर्जेराव म्हणजे शेजारचे, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. ते गेल्या वर्षीच मुलाकडं कन्नडला कायमचे राहायला गेले होते. पण गोष्टीत माणसाला कुठूनही बोलावता येतं, तिकीट लागत नाही.

"सर्जेराव म्हणले, तेल घाला. आता तेल कोणतं, यावरून पेटलं. सर्जेराव म्हणले डिझेल. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, दुसरं काय सांगणार? तापालाही डिझेलच सांगायचा. मालनबाई म्हणल्या, 'नाय नाय, लोखंडाला असं रागीट तेल चालत नाय, खोबरेल घाला, खोबरेलानं माणूससुद्धा शांत होतो.' मी म्हटलं, मतदान घ्या. इथं, या पायरीवर, चौदा माणसं जमली होती."

"चौदा?" अभय म्हणाला.

"पंधरावा पोस्टमन. त्याला मत नव्हतं, तो सरकारी. खोबरेल आठ विरुद्ध सहानं निवडून आलं."

अभय हसला. नानासाहेबांनी ते हसू बाजूला जपून ठेवलं आणि पुढं निघाले.

"औषधाच्या सिरिंजीनं अर्धी बाटली आत सोडली. संध्याकाळी कुलूप असं चालायला लागलं की काय सांगू, किल्ली दाखवली की उघडायचं. आणि दुसऱ्या दिवशी पडली थंडी. तुला पुण्यात बसून कळायचं नाही, इथं काय थंडी पडली ते. सातला मालनबाई आल्या, किल्ली घातली, अन् खोबरेल आतल्या आत गोठलं. किल्ली मधे, भोवती पांढरंफेक खोबरेल. कुलपाची कुल्फी झाली, अभय! किल्ली तिच्यात काडीसारखी उभी!"

लतीफभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खोपरे का तेल ताले में नै डालते, चचा. मट्टी पकडता. ताले को सूखा रखना."

"तेच तर! तेच मला त्या चाबीवाल्यानं सांगितलं. गुलमंडीचाच होता."

"कौन? गुलमंडी में हम चार जनेच हैं. मैं, मेरा भाई, और मेरे दो साले."

"...गुलमंडीचा नाही. कन्नडचा," नानासाहेब म्हणाले. "गुलमंडीला पाहुणा आला होता."

लतीफभाईंनी "हौ" म्हणून एक बारीक वाकडी तार भोकात घातली आणि काहीतरी खरवडायला सुरुवात केली. खाली त्यांनी वर्तमानपत्राचा तुकडा अंथरला होता. त्यावर तपकिरी भुगा पडायला लागला.

"मालनकाकू दिसल्या नाहीत अजून," अभय म्हणाला. "गाडीचा आवाज आला की येतात ना त्या."

"देवळात गेल्या असतील. तर ती किल्ली निघेना. मग रूपा आली, ती पार्लरवाली." (पार्लरच्या जागी आता पार्सलचं गोदाम होतं. तिथं दिवसभर माणसं यायची, पण ती नाव विचारून, सही घेऊन जायची.) "तिनं केस वाळवायचं यंत्र आणलं. म्हणली, 'नाना, गरम हवा मारते, वितळेल.' पण वायर पुरेना. चार घरांतून चार बोर्ड आणून एकाला एक जोडले. रूपानं बटण दाबलं, कुलपातून खोबरेलाचा पहिला थेंब पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गल्लीची वीज गेली."

"मग?"

'मग' असं अभयनं विचारलं. नानासाहेबांनी कान देऊन ऐकलं, खरंच विचारलं होतं. त्यानं फोनही पायरीवर पालथा घालून ठेवला होता. या पायरीवर बापलेक असे शेजारी शेजारी बसल्याला किती दिवस झाले, ते त्यांनी मोजलं नाही. मोजलं असतं तर गोष्ट अर्धवट राहिली असती.

"मग लाइनमन आला. खांबावर चढायच्या आधी म्हणला, अर्ज भरा. अर्जात रकाना: वीज कोणत्या कारणासाठी वापरत होता? मी लिहिलं, कुलूप वाळवण्यासाठी. तो म्हणला, असं कारण यादीत नाय. घरगुती लिहू का व्यावसायिक? मी म्हटलं, कुलूप घरगुती आहे, पण यंत्र पार्लरचं. त्याला पटेना. साहेबाला फोन लावला. साहेब म्हणले, 'कुलूप शेतात आहे का? असेल तर रकाना वेगळा आहे.' दोन तास! इकडं मालनबाईंनी सगळ्यांना चहा केला. पंधरा कप. कप कमी पडले, तर सर्जेराव वाटीतून प्यायले."

तो वाटीतला चहा नानासाहेबांच्या डोळ्यांपुढं आला.

"चचा," लतीफभाई म्हणाले, "ये अंदर से निकल क्या रा है, मालूम?" त्यांनी भुग्याकडं बोट दाखवलं.

"ते शिसं. पेन्सिलीचं."

"भूरा सीसा?"

"जुनं झालं की तांबूस पडतं. सांगतो ना, तिथंच येतोय. खोबरेल वितळलं, पण आत सगळी धूळ चिकटून चिखल. तेव्हा राजकुमार सर म्हणाले..."

राजकुमार सर हे चित्रकलेचे शिक्षक त्याच क्षणी, निव्वळ गरजेपोटी जन्माला आले.

"...म्हणाले, 'नानासाहेब, कुलपाला तेल नसतं घालायचं, पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड फुंकायची.' झालं! अख्ख्या कॉलनीतल्या पोरांची दप्तरं रिकामी झाली. या पायरीवर बसून बायका पेन्सिली तासताहेत, मालनबाई खलबत्त्यात शिसं कुटताहेत, सर्जेराव नळीनं फुंकताहेत. फुंकताना एकदा श्वास उलटा घेतला, तर पुढं चार दिवस सर्जेराव रुमालावर सही करू शकत होते, नुसतं शिंकून."

अभय आता खदखदून हसत होता. डोळे पुसत म्हणाला, "उघडलं का पण?"

"उघडलं? लई उघडलं! इतकं गुळगुळीत झालं की कोणत्याही किल्लीनं उघडायला लागलं. मालनबाईंच्या कपाटाची किल्ली लावली, उघडलं. सर्जेरावाच्या स्कूटरची लावली, उघडलं. रूपानं केसातली पिन लावली, उघडलं. मग काय, ज्याला बघावं तो आत! मी आंघोळ करून बाहेर येतो, तर सर्जेराव माझ्या खुर्चीत क्रिकेट बघताहेत. स्वयंपाकघरात जातो, तर मालनबाईंनी पापडाचे दोन डबे ठेवलेत, त्यांच्याकडं मुंग्या झाल्या म्हणून. कोणी पाणी प्यायला येतंय, कोणी मीठ मागायला. दुपारी झोपावं, तर उशाला गप्पांचा फड. मला माझ्या घरात बसायला जागा नाय, अभय! वैतागलो. शेवटी चौकीत गेलो."

"पोलीस चौकीत?"

"व्हय. हवालदाराला म्हटलं, माझं कुलूप कोणत्याही किल्लीनं उघडतंय. तो म्हणला, चोरी झाली का? मी म्हटलं, नाय. मग म्हणला, झाल्यावर या. मी म्हटलं, मी बत्तीस वर्षं भांडारपाल होतो, नोंद झाल्याशिवाय उठायचो नाय. तेव्हा त्यानं कागद काढला. 'काय काय गेलं ते सांगा.' मी सांगितलं, काही गेलं नाय, उलट आलं. 'काय आलं?' पापडाचे दोन डबे, एक छत्री, आणि कोणाचं तरी बाळ, पण ते संध्याकाळी घेऊन गेले. तो हवालदार पेन खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. म्हणला, 'आजोबा, तुम्हाला तक्रार काय आहे?'"

गोष्टीत हवालदारानं हे विचारेपर्यंत त्यांना स्वतःला त्याचं उत्तर लागलेलं नव्हतं.

"मग काय सांगितलं?" अभयनं विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, तक्रार काही नाय. नुसती नोंद करून ठेवा."

गल्लीत कोणी चालत नव्हतं. लतीफभाईंच्या तारेची खरखर तेवढी ऐकू येत होती. मग ती थांबली. त्यांनी चिमट्यानं कुलपातून एक लांबट गोळी अलगद बाहेर ओढली आणि कागदावर ठेवली. मातीची होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, ओलसर, तोंड बंद. तिच्यामागून दुसरी काढली. ही वाळकी होती आणि तिच्या एका टोकाला गोल छिद्र होतं.

नानासाहेबांनी इतका वेळ त्या कागदाकडं पाहायचं टाळलं होतं. आता पाहिलं.

मालनबाई तुळशीच्या लग्नानंतर लेकीकडं चितेगावला गेल्या होत्या, आठ दिवसांसाठी. जाताना फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "नानासाहेब, माझ्या कुलपाकडं लक्ष ठेवा बरं." आठ दिवसांचे चार महिने झाले. नानासाहेबांच्या दाराची किल्लीही त्यांच्या पिशवीतून तिकडंच गेली. आणि त्या गेल्यावर तिसऱ्याच दिवशी, सकाळी सातच्या ठोक्याला, पुढच्या दारात काहीतरी खुडबुडलं. नानासाहेब धावत आले होते. बघतात तर कुंभारीण माशी, तोंडात चिखलाची गोळी धरून कुलपाच्या भोकात शिरत होती. त्या दिवसापासून त्यांनी पुढच्या दाराला बाहेरून किल्ली लावली नाही. मागच्या दारानं गेले, मागच्या दारानं आले. थंडीत ती दिसेनाशी झाली, आणि फाल्गुनात पुन्हा आली. सकाळी भोकातून तिची गुणगुण सुरू झाली की आतून ते म्हणायचे, "घेतला, चहा घेतला."

"ये देखो," लतीफभाई अभयला समजावत होते. त्यांचा आवाज साधा होता, धंद्याचा. "कुम्हारन मक्खी का घर है. ये पहला, पुराना, बच्चा निकल के उड़ गया. उसके ऊपर ये दूसरा, अभी का. मैं बोलूं? इस छेद में दिवाली के बाद से चाबीच नै गई. वो जो कोई बाई रोज खोलती बोले, उसकी भी नै." मग त्यांची नजर अभयच्या हातातल्या किल्लीवर गेली. "और ये वाली भी नै."

अभयनं किल्ली मुठीत घेतली. दिवाळीला तो दोन दिवस येऊन गेला होता. त्यानंतर दर रविवारी फोनवर "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणत आला होता, आणि नानासाहेब दर वेळी "सावकाश ये, इथं माणसांची वर्दळ इतकी आहे की तुला झोपायला जागा नाय" असं सांगत आले होते.

"नाना," तो म्हणाला, "मालनकाकू कुठं आहेत?"

"कुठं म्हणजे? घरात. आतच आहेत. कामात आहेत."

"मघाशी देवळात होत्या."

"आल्या की मग! मागून आल्या. हल्ली सगळेच मागून येतात."

अभय उठला. लतीफभाईंनी तार हातात तशीच धरली. अभय आपल्या गाडीला वळसा घालून पलीकडं गेला. मालनबाईंचं फाटक उघडताना कुरकुरलं, अंगणात वाळका पाचोळा वाजला. नानासाहेब पायरीवरून उठले नाहीत. गाडीच्या काचांतून त्यांना लेकाचं डोकं तेवढं दिसत होतं, दाराशी वाकलेलं.

अभय परत आला, तेव्हा त्याचा अंगठा चकाकत होता. त्यानं तो नाकाशी नेला. मग तर्जनीवर घासून पाहिला.

"ताजं खोबरेल आहे," तो म्हणाला. "आज सकाळचं असेल. सगळं दार धुळीनं भरलंय आणि कुलूप तेवढं आरशासारखं आहे. कोण घालतं, नाना?"

नानासाहेबांनी पायरीवरची कोथिंबिरीची जुडी उचलली, तिची एक पिवळी काडी निवडून बाजूला ठेवली आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीतला सगळा रुबाब आवाजात आणून म्हणाले, "हे तुला खरं वाटायचं नाही, पण मालनबाईच घालतात. रोज सकाळी, न चुकता. आतल्या आत बसून."

"नाना," अभय म्हणाला, "कुलूप बाहेरून आहे."